दगडावरची हजामत

चाळीस वर्षं मी लोकांच्या दाढ्या केल्या, पण ज्या हजामतीची मला लाज वाटते ती मी एका दगडाची केली.

मुलाच्या खोलीत टेबलभर लांबीची काचेची टाकी आहे. खारं पाणी, निळा दिवा, दोन मासे आणि मधल्या दगडावर त्याचं प्रवाळ. आणलं तेव्हा शर्टाच्या बटणाएवढं होतं. पाच वर्षांत बशीएवढं झालं, कडेला जांभळं, मध्ये हिरवं. "हे झाड नाही बाबा, जनावर आहे," असं तो मला दर चार दिवसांनी सांगायचा. मी म्हणायचो, जनावरच पाळायचं होतं तर भुंकणारं तरी पाळायचंस. आठ महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

टाकीचा ताबा हिने घेतला. मीठ मोजून पाणी बदलायचं, काच पुसायची, माशांना खायला घालायचं, सगळं त्याच्या वहीत बघून. स्वतः मात्र दोन घासांवर उठायची. बोलणं जवळजवळ बंदच.

चौथ्या महिन्यात एके दिवशी तिने मला दुकानातून बोलावून घेतलं. प्रवाळाला लागून एक पिंगट, आरपार दिसणारं फूल उगवलं होतं. नखाएवढं. बारीक देठ आणि वर केसांसारखे तंतू.

"त्यानेच लावून ठेवलेलं असणार," ती म्हणाली. "आत्ता वर आलं."

ती त्याला चिमट्याने कोळंबीचा कण भरवायला लागली. ते तंतू मिटून घास आत ओढून घ्यायचं. मला ते ध्यान पहिल्यापासून आवडलं नाही. तीन आठवड्यांत तसलीच आणखी चार उगवली आणि त्यांच्या बाजूची प्रवाळाची कड पांढरी पडू लागली. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण कातडीला काही झालं की मला लगेच दिसतं. जन्मभर तेच बघत आलोय.

एका दुपारी ही बहिणीकडे गेली होती. मी बाही कोपराच्या वर सारली, वस्तरा उघडला आणि हात टाकीत घातला. पाचही मुळापासून तासली. वर दाढीला देतो तसा वस्तऱ्याचा उलटा हात फिरवून दगड गुळगुळीत केला. स्वतःवरच खूश झालो. ही आली, टाकीसमोर बसून राहिली. मी ओला वस्तरा तसाच मिटून ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी तीस उगवली होती.

आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली. भाजीत मीठ कमी पडलंय, असंही म्हणाली. तो गेल्यापासून तिला कशाची चव लागलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग मी पुन्हा टाकीत वस्तरा घातला नाही. प्रवाळ आठवड्यागणिक आक्रसत चाललं होतं. बायको जेवतेय ना, मग मरेना का ते जनावर, असं मी मनाला समजावत होतो. पण मुलाच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. शेवटी राहवेना, तेव्हा मी टाक्यांच्या दुकानातल्या मासेवाल्याला बोलावलं. मुलगा सगळं त्याच्याच दुकानातून आणायचा.

तो टाकीपुढे गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिला.

"काका, हे कुणी खरवडलं?"

मी हिच्याकडे बघितलं नाही. "मी. वस्तऱ्याने."

"याचा कण तुटून पडला तरी त्याचं नवीन होतं. कीड आहे ही. शेजारच्याला डंख मारून मारून संपवते. खरवडायचं नसतं, चुना कालवून सुईने एकेकाच्या तोंडात सोडायचा. प्रवाळ बटणाएवढं उरलंय. आजच केलं तर कदाचित वाचेल."

"त्याने लावलंय ते," ही म्हणाली.

मासेवाला अवघडला. "नाही काकू. दगडाबरोबर आपोआप येतं हे. तो तर जाम वैतागलेला असायचा यांच्यावर. दर रविवारी एक-दोन मारायचाच. सुया माझ्याकडूनच न्यायचा. म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही."

ही उठली आणि तिने टेबलाचा खालचा खण ओढला. तो गेल्यापासून त्या खणाला आम्ही हात लावला नव्हता. आत चुन्याची डबी होती आणि रबरबँड लावलेल्या तीन सिरिंज. वहीत यातलं काहीच नव्हतं. जे तो न चुकता करायचा, तेच लिहायचं राहिलं होतं.

मासेवाल्याने पंप बंद केले, चुना कालवला आणि भरलेली सुई माझ्या हातात दिली. "सावकाश. धक्का लागला की मिटून घेतात." माझा हात थरथरायला लागला. लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवताना जो कधी हलला नाही, तो हात.

"द्या इकडे," ही म्हणाली.

"अगं, तुला सांगायला हवं होतं मी..."

"मला माहीत होतं. बहिणीकडून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या वस्तऱ्यावर गंज दिसला. इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता." ती सुईच्या टोकाकडे बघत होती. "तुम्ही मुळापासून कापलंत आणि तरी ते परत आलं. तेव्हाच तर माझी खात्री पटली, की हे त्याचंच आहे."

मला रडू आवरेना. मासेवाला उगाच काचेवरचा डाग पुसत बसला.

तिने सगळ्यांत मोठ्यापासून सुरुवात केली. पहिलं होतं त्याच जागी पुन्हा आलेलं, तीन महिने तिने रोज भरवलेलं. सुई जवळ गेली तरी ते मिटलं नाही. तिच्या हाताची सवय होती, त्याने तंतू पसरून तोंड उघडलं. तिने चुना आत सोडला. नेहमीसारखा त्याने तो घास ओढून घेतला.

"पुढचं दाखवा," ती म्हणाली.