बांधावर न पेरलेली पुडी

ओळखलंत का मला? ओळखणार कसे म्हणा! माझ्यासारख्या पुड्या घरी आल्या तशाच उकिरड्यावर गेल्या. मित्रांनो, मी साध्या कपाशीच्या बियांची एक जुनी पुडी आहे. माणसांवर माझा राग आहे आणि तो लपवण्याची मला सवय नाही.

बीटी कपाशीच्या मोठ्या पाकिटासोबत मी आदिलाबादच्या बाजारातून बेला गावात भगवानरावांच्या घरी आले. त्या मोठ्या पाकिटातल्या बियांचा थाट काय सांगू! मातीतल्या एका जंतूचा जनुक शास्त्रज्ञांनी त्यांच्यात बसवला होता. त्यांच्या झाडाचं बोंड कुरतडलं की त्यातल्या विषाने अळी मरायची. माझ्यात तसलं काही नव्हतं. मला शेताच्या कडेने पेरायचं होतं. माझ्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग व्हावेत आणि विष पचवून वाचलेल्या एखाद्या पतंगाची सोयरीक त्यांच्याशीच जुळावी. मग पुढची पिल्लं विष पचवणारी निपजत नाहीत. माझं काम एवढंच, पण त्यावरच सगळं उभं होतं.

पेरणीच्या दिवशी भगवानरावांच्या पत्नीने, सुभद्राबाईंनी, मला ओच्यात घेतलं. पण कडेच्या ओळी महिपतरावांच्या शेताला लागून होत्या आणि त्या बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं कधीचंच बंद झालेलं.

भगवानराव म्हणाले, "माह्या कडेले अळ्या पोसू आन् त्या महिपतचं शेत वाचवू? काऊन? फेक ते."

सुभद्राबाईंनी मला फेकलं नाही, माळ्यावर ठेवलं. माझ्यामागून येणाऱ्या पुड्या मात्र दरवर्षी चुलीत गेल्या. कापूस भरघोस येत होता आणि भगवानराव गावभर बीटीचे गोडवे गात होते. मला कोण विचारतो?

मग एका हंगामात बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी, आणि कापूस डागाळलेला. विष तिला बाधेनासं झालं होतं. जनुकांशी खेळणारे सगळे लबाड, असं भगवानराव तावातावाने बोलत होते, आणि बोलता बोलता पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेत होते. त्यांची मुलगी प्रगती आदिलाबादच्या दवाखान्यात काम करते. माणसाचा जनुक जंतूत घालूनच हे औषध बनवतात, हे तिने त्यांना नीट समजावलं होतं. त्या सुईची वेळ ते कधी चुकवत नसत. नियम पाळायचा तो आपल्या पोटापुरता!

दुसऱ्या दिवशी बांधावर जुंपली. तुझ्याच शेतातून अळी आली, असं भगवानराव म्हणत होते आणि महिपतरावही तेच म्हणत होते. दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जाणार, तोच सुभद्राबाईंनी घरून आणलेली मी त्यांच्यामध्ये आपटली गेले.

"ही आमची पुडी. आमी नाई पेरली," त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुमची कुठं हाय?"

महिपतरावांनी मान खाली घातली. "चुलीत," ते म्हणाले.

दोन्ही शेतांतली उभी कपाशी वेळेआधीच उपटावी लागली. मला तेव्हा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण उपटलेल्या पऱ्हाट्यांपाशी सुभद्राबाई एकट्याच बसून राहिल्या, तेव्हा तो आनंद मला गिळवेना.

पुढच्या वर्षी त्यांनी माझं तोंड उघडलं आणि माझ्यातलं बी बांधाच्या कडेने पेरलं. भगवानरावांनी स्वतः पाणी घातलं. महिपतराव पलीकडून बघत होते. एकही कोंब वर आला नाही. माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी माझ्यातला जीव केव्हाच घेतला होता.

आता साधं बी मोठ्या पाकिटातच मिसळून देतात, म्हणजे पेरायचं की नाही हे तुमच्या हाती राहत नाही. बरंच झालं. तुमच्या हाती होतं तेव्हा तुम्ही काय केलंत, ते मी पाहिलं आहे.

मित्रांनो, सुभद्राबाईंनी मला जपलं, म्हणून त्यांचे आभार मानावेत असं तुम्हाला वाटत असेल. मी मानत नाही. मला जपायचं होतं, तर त्याच दिवशी मातीत टाकायचं होतं.