आटवलेला समुद्र

मी एक तृणमणी. मला दगड समजू नका, मी देवदाराच्या जातीतल्या एका झाडाचा गोठलेला डिंक. लोकरीवर घासलं की गवताची काडी धावत येऊन मला चिकटते.

लिथुआनियाचे कोळी मात्र वेगळंच सांगतात. समुद्रदेवीचा एका कोळ्यावर जीव जडला. गर्जनेच्या देवाला ते खपलं नाही. त्याने वीज टाकून कोळ्याला मारलं, देवीचा तृणमण्यांचा महाल फोडला. मी म्हणे त्या महालाचा तुकडा. असेनही!

वादळानंतर बाल्तरूस कोळ्याला मी वाळूत सापडलो. भोक पाडून त्याने मला बायकोच्या, यूस्तीनाच्या गळ्यात घातलं. पुढच्या वादळात तो होडीसकट गेला. तो काही सापडला नाही.

यूस्तीना एका चेक मास्तरांच्या घरी स्वयंपाकाला राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी आली. तिथे समुद्र नाही, माशांची मोठमोठी तळी आहेत. शरदात पितरांच्या दिवशी सारं गाव थडग्यांवर मेणबत्त्या लावी. यूस्तीना तेवढा दिवस घरात बसे. ती कुणाच्या थडग्यावर लावणार?

म्हातारा हावेल कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करी. देवीची गोष्ट तिच्याकडून ऐकून त्याने नवा खेळ रचला, आणि देवीच्या बाहुलीसाठी मला मागून नेलं. खेळाचा शेवट ऐकून यूस्तीना भडकली.

"हावेलदादा, गावकरी समुद्र उपसतात? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"का गं? आम्ही शरदात तळं रिकामं करतोच की. मासे मिळतात, वर हरवलेले जोडेही मिळतात."

"समुद्र आहे तो! तळ्यातले बेडूक तुम्ही, तुम्हाला काय कळणार?"

"बरं बाई, बेडूक तर बेडूक. आधी खेळ बघ, मग शिव्या घाल."

खेळाला ती पुढेच बसली. मी देवीच्या छातीवर होतो, मला यूस्तीनाचा चेहरा दिसत होता. हावेलने समुद्राचं निळं कापड हळूहळू ओढून घेतलं. तळाशी, देवीच्या मांडीवर, लाकडी कोळी निजलेला.

"सापडला रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

यूस्तीना उभी राहिली. हावेलचे हात दोऱ्यांवर थबकले.

"दादा," ती म्हणाली, "शेवट बदलू नका."

पितरांच्या दिवशी ती हावेलच्या बाहुल्यांच्या गाडीपाशी आली. तिने लाकडी कोळ्यापुढे मेणबत्ती लावली. हावेलने टोपी काढली, एकही थट्टा केली नाही. मला परत न्यायचं तिच्या मनातच आलं नाही.

पुढे तो खेळ चेक भाषेत छापला गेला. समुद्र न पाहिलेली मुलं तो वाचतात. हावेल गेला, यूस्तीनाही गेली. मी पेटीत आहे, देवीच्या छातीवर, धूळ खात. अजूनही घासून पाहा, काडी येईल.

एवढंच मागतो. हा खेळ पुन्हा लावाल तेव्हा निळं कापड हळू ओढा. खाली कुणाचं तरी माणूस असतं.