पुलाबद्दलचा प्रश्न

"हात खाली घ्या की आता, काका. खांदा निखळेल," शेजारचा फोटोग्राफर कुजबुजला.

त्यांनी हात खाली घेतला नाही. देशाच्या राजकारणाच्या बातम्या देता देता त्यांचे केस पिकले होते. सरकारं आली, पडली. पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न मात्र त्यांचाच, हे ठरलेलं असायचं. आज माईक कुणाला द्यायचा, हे मंत्र्यांची माध्यम अधिकारी ठरवत होती. ती काकांचीच मुलगी होती.

पूल कोसळून माणसं वाहून गेली होती. अभियंत्यांनी तो बंद करायला आधीच लेखी सांगितलं होतं, हे त्यांनीच छापून आणलं होतं. आता एवढंच विचारायचं होतं, की मग तो चालू ठेवायला कोणी सांगितलं?

मुलीची नजर त्यांच्या हातावरून सरकली आणि मागच्या रांगेवर गेली. तिथल्या पोरसवदा वार्ताहराने विचारलं, "साहेब, एवढ्या धावपळीत तुम्ही तब्येत कशी सांभाळता?" मंत्री दिलखुलास हसले. सभागृहही हसलं.

काका माईकविनाच उभे राहिले. "पूल चालू ठेवा, असं कोण म्हणालं?"

आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नाही. मुलगी माईकमध्ये म्हणाली, "सर, वेळ संपली." बापाला ती आयुष्यात पहिल्यांदाच सर म्हणाली होती.

मंत्री निघून गेले. ती मात्र जिन्यापाशी थांबली होती.

"बाबा, तुम्ही हेच विचारणार, हे ठाऊक होतं मला."

"मग उत्तरही ठाऊक असेल."

तिने खाली पाहिलं. "माझ्या हातात काही नाही हो, बाबा."

ती रडेल असं त्यांना वाटलं. लहानपणी तिने उलटसुलट प्रश्न विचारून भंडावलं, की ते कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटायचे.

"गोळी घेतलीत का दुपारची?" तिने विचारलं.

"घेतली."

खालून गाडीचा हॉर्न वाजला आणि ती धावत उतरली.

फाटकावर पहारेकरी आडवा आला. जुनाच माणूस, रोज सलाम करायचा. आज त्याने तोंडातल्या तोंडात म्हटलं, "साहेब, तेवढा पत्रकारांचा पास जमा करायचाय. मॅडमचा आत्ताच फोन आला."

"कुठल्या मॅडमचा?" त्यांनी सवयीने विचारलं.

पहारेकऱ्याने नुकतीच गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहिलं.

ते गळ्यातला पास काढू लागले. फीत चष्म्याच्या काडीत अडकली. ओढून पाहिली, सुटेना. पहारेकऱ्याने काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी, चष्म्याला धक्का न लावता, फीत अलगद सोडवली.