निंगनिंगवर केस नाही

निंगनिंग कुठे गेली, असं जोव्हेलिनने तीन शेजारणींना विचारलं. पहिलीने इथल्या रीतीप्रमाणे बोटाऐवजी ओठांचा चंबू करून डोंगर दाखवला, दुसरीने समुद्र, तिसरीने चर्च. चौथी तर तिने तोंड उघडायच्या आतच घरात शिरली.

मुलीचे आजोबा लोलो तेबान यांनी दारच उघडलं नव्हतं. "नात इथं नाही," एवढंच आतून आलं.

जोव्हेलिन जीवशास्त्र शिकलेली. इलोइलो प्रांताच्या किनाऱ्यावरच्या या गावात समाजसेविका म्हणून तिचं प्रशिक्षण चालू होतं, आणि निंगनिंग ही तिची पहिलीच केस. आठ वर्षांची पोर. समोर उभं राहून बोललं तरच तिला कळायचं. शुक्रवारी शहरातून कानांचे डॉक्टर येणार होते. त्यांनी तपासलं, तर मुलीला ऐकण्याचं यंत्र मिळणार होतं. ती भेट चुकली, तर पुढच्या वर्षापर्यंत काहीच नव्हतं. आजोबांची संमती मात्र हवी होती.

म्हाताऱ्याने दार का लावलं असेल? परतीच्या वाटेवर तिने कारणं मांडून पाहिली आणि एकेक खोडली. लाज म्हणावी, तर म्हातारा नातीला खांद्यावर घेऊन बाजारभर हिंडायचा. यंत्राची भीती म्हणावी, तर यंत्राचा विषय निघालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाच्या वर्गात तिने हे सगळं सांगितलं. शिकवणाऱ्या फे मॅडमनी ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढली.

"कारणं राहू देत. मी म्हातारा. मासे साफ करतोय. तू ये आणि काल बोललीस तेच बोल, शब्दन् शब्द." आणि त्या खरंच हवेतला मासा खरवडू लागल्या.

"लोलो, मी नगरपालिकेतून आले," जोव्हेलिन म्हणाली. "निंगनिंगची केस आता माझ्याकडे आहे."

"जामीन किती पडेल, बाई?" मागच्या बाकावरून तिच्यासोबत शिकणारा रोदेल ओरडला.

वर्ग खदखदून हसला. जोव्हेलिनही हसली, आणि हसता हसता थांबली. फे मॅडमनी हवेतला मासा खाली ठेवला होता.

केस घ्यायची, केस हाताळायची, केस बंद करायची. महिनाभर बोलून बोलून शब्द गुळगुळीत झाला होता. तिच्या घरी तो असा नव्हता. मामावर पोलीस केस झाली, तेव्हा आईने भरदुपारी खिडक्या लावून घेतल्या होत्या.

"मी कुंपणावरून ओरडून सांगितलं, मॅडम. सगळ्या आळीने ऐकलं."

"पोलीस तरी दार वाजवतात," रोदेल म्हणाला.

"तू गप रे," फे मॅडम म्हणाल्या. "जोव्हेलिन, आता गेलीस की आधी काय करशील?"

"समजावून सांगेन की..."

"सांगू नकोस. बस. तो काय विचारतो, ते ऐक."

ती पुन्हा गेली, तेव्हा लोलो तेबान अंगणात बांबूच्या चटयांवर मासे वाळत घालत होते. ती दिसताच त्यांनी पाठ फिरवली. जोव्हेलिन खाली बसली आणि मासे उलटायला लागली. कुठल्या बाजूने आधी वाळवायचे, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

"कातडी खाली," ते वैतागून म्हणाले. जोव्हेलिनने दोन चटयांवरचे मासे तसे लावले. मग त्यांचा आवाज खाली आला. "इंदाय, मुली, काय केलं गं आमच्या पोरीने? कोणाचं फोडलंबिडलं असेल, तर मी भरून देतो. तिला हाक ऐकू येत नाही. मुद्दाम नसेल केलं."

"काहीच केलं नाही तिने. मी तिच्या कानांसाठी आले. शुक्रवारी डॉक्टर येतायत."

"मग केस केस काय ओरडत होतीस?"

"आमच्याकडे एखाद्याची काळजी घ्यायच्या कामाला तसंच म्हणतात."

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "धन्य तुमचं ऑफिस! उद्या जेवणाला फाशी म्हणाल."

त्यांनी हात धुतले, तिला सोबत घेतलं आणि होडी पाण्यात ढकलली. किनाऱ्यावर तिघी शेजारणी उभ्या होत्या. या वेळी तिघींचे ओठ एकाच दिशेला वळले: समोरच्या बेटाकडे.

बेटावर लोलोंची बहीण ओनिंग झाडू उगारून पाण्यापर्यंत आली. "मानोंग! दादा, हिला कशाला आणलंस?"

"केस नाही गं! कान आहेत, कान!"

निंगनिंग ओनिंगच्या मागून बघत होती. जोव्हेलिन वाळूत गुडघ्यांवर बसली, तेव्हा दोघींची तोंडं समोरासमोर आली.

"मी काय केलं?" मुलीने मोठ्या, सपाट आवाजात विचारलं.

जोव्हेलिनने नकारार्थी मान हलवली.

"काही नाही," ती सावकाश म्हणाली. "चूक माझी झाली. मी चुकीचं बोलले."

"मग मला का शोधतेस?"

"तुला काय काय ऐकू येतं, ते मला जाणून घ्यायचंय."

मुलीने विचार केला. "होडीचं इंजिन. इथं." तिने पोटावर हात ठेवला.

"पोटात? आणि कोंबडा?"

"कोंबडा नुसतं तोंड उघडतो."

"शुक्रवारी किती वाजता?" लोलोंनी मागून विचारलं.

"सकाळी आठला."

लोलोंनी नातीला उचलून होडीत जोव्हेलिनच्या शेजारी ठेवलं आणि इंजिनाची दोरी खेचली. इंजिन धडधडलं, तसं निंगनिंगने जोव्हेलिनचा हात ओढून आपल्या पोटावर दाबला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली, तिलाही येतंय का ऐकू ते पाहायला.