तिसरी एंट्री

आमच्या घरात उत्तरेच्या अंगाला एक खोली आहे. जाड मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, भर मे महिन्यात पाय ठेवला तरी गार. मखमलाबादला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा. तोडलेली फुलं त्या खोलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवली असती तर दोन दिवस टवटवीत राहिली असती. असती म्हणते, कारण खोलीत फुलं नव्हती. मोटारसायकल होती.

मोटारसायकल माझ्या नवऱ्याची. शेखर त्यांचं नाव. मी नाव घेते म्हणून सासूबाई अजून नाक मुरडतात, पण सारखं 'आमचे हे, आमचे हे' करत बसले तर गोष्ट कधी संपायची?

शेखर अंबडला एका कारखान्यात टर्नर. हातात जादू. लोखंडाचा तुकडा लेथवर चढवला की पाहिजे तो पार्ट काढून देतील. ब्याण्णव साली त्यांनी देवळालीच्या एका भंगारवाल्याकडून लष्करातून निकाली काढलेल्या दोन जुन्या मॅचलेस उचलल्या आणि आमच्या फुलांच्या टेम्पोतून घरी आणल्या. विलायती गाड्या, महायुद्धातल्या. दोन्हींतून एक झकास स्क्रॅम्बलर करायची म्हणे. स्क्रॅम्बलर म्हणजे काय, तर चिखलातून, उंचवट्यांवरून पळवायची शर्यतीची गाडी. इंग्लंडात म्हणे लोक रविवारी अशा गाड्या घेऊन चिखलात लोळतात आणि त्यांना कप मिळतो. आपल्याकडे म्हशी रोज लोळतात, त्यांना कोणी विचारत नाही.

"गाडीला ऊन नको, दमट हवा नको," शेखर म्हणाले आणि ती खोलीत गेली. मी भांडले. हार ओवणाऱ्या बायका पडवीत बसायच्या, दुपारी ऊन आत यायचं आणि पाकळ्या माना टाकायच्या. मला ती खोली हवी होती. शेवटी सासूबाईंच्या देखत शेखरनी वणीच्या आईची शपथ घेतली, "एक शर्यत! गाडी एक शर्यत पळाली की पडवीत. खोली तुझी."

मी भोळी. मला वाटलं, दिवाळीपर्यंत पळेल.

शेखरचा एकच नियम होता, गाडीवर प्रत्येक पार्ट अस्सल पाहिजे. अस्सल म्हणजे इंग्लंडात बनलेला. आता यातली गंमत बघा. माणूस टर्नर, कारखान्याला हवा तो पार्ट बनवून देणारा, पण स्वतःच्या गाडीला स्वतः बनवलेला बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी एवढीशी धातूची नळी, तोही चालायचा नाही. कारण तो अंबडला बनलेला! मग बर्मिंगहॅमला पत्र जायचं, सहा-सहा महिने वाट बघायची. पार्सल आलं की घरात बारसं असल्यासारखा आनंद. तो पार्ट लागला की लक्षात यायचं, शेजारचा नट अस्सल नाही. झालं. पुन्हा गाडी उघडली.

दसऱ्याला सासूबाई अवजारांबरोबर त्या गाडीलाही हळदकुंकू लावायच्या. शेखर मागून रॉकेलचा बोळा घेऊन पुसायचे. म्हणे, रंग मूळचा आहे.

काढून टाकलेले पार्ट टोमॅटोच्या क्रेटमध्ये पडत. माझी स्कूटर कायमची बसली तेव्हा मी रोज कटकट लावली, तर एका दिवाळीच्या सुट्टीत शेखरनी चिडचिड करत त्या क्रेटातून मला दुसरी गाडी जोडून दिली. चेसिसशी नंबर जुळत नाही म्हणून नाकारलेलं मॅचलेसचंच इंजिन, बुलेटचा कार्बोरेटर, विहिरीवरच्या मोटरची वायर आणि अंबडच्या लेथवर काढलेले बुश. तिला ते 'टाकाऊ' म्हणायचे. अस्सल आत, टाकाऊ बाहेर पडवीत, अशी आमच्या घरची व्यवस्था.

त्या टाकाऊवर मी वर्षानुवर्षं फुलबाजार केला. पहाटे मागे झेंडूची दोन गाठोडी बांधायची आणि कालव्याच्या कडेनं निघायचं. पावसाळ्यात ती काळी माती म्हणजे नुसतं लोणी. गाडी आडवी जायला लागली की घाबरून ब्रेक दाबायचा नाही, हळूच रेस द्यायची, ती आपोआप सरळ होते. हे मला कोणी शिकवलं नाही. दोनदा फुलांसकट कालव्यात गेले तेव्हा कळलं.

दोन हजार तीनच्या श्रावणात शेखर एक दिवस खोलीतून बाहेर आले आणि भिंतीला टेकून बसले. चेहरा पडलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही बदलायचं उरलं नाही," ते म्हणाले.

माझा तर जीव भांड्यात पडला. त्याच महिन्यात शहरातल्या हौशी मंडळींनी पेठ रोडला चिखलातल्या शर्यती ठेवल्या होत्या आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांचा वेगळा गट होता. शेखरना मी अक्षरशः ढकलून नाव द्यायला लावलं. कारण मीही एक शब्द देऊन बसले होते. तुळशीच्या लग्नापासून एका मंगल कार्यालयाचे सगळे हार आमच्याकडून जायचे होते. हार ओवणाऱ्या सुमनबाई, फुलाबाई आणि त्यांच्या सोबतिणी यायला तयार होत्या. नव्हती ती फक्त खोली.

शर्यतीच्या रविवारी शेखरची गाडी टेम्पोतून गेली. गाद्या घालून. मागून मी टाकाऊवर डबा घेऊन गेले.

मैदानावर जाते तो संयोजक पिंगळे कपाळाला हात लावून उभे. गटात तीन नावं होती. शेखर, बीएसए मोटारसायकल घेऊन आलेले गायधनी वकील आणि इगतपुरीचे एक गृहस्थ. इगतपुरीच्या गृहस्थांचा फोन आला होता, इंजिन जाम झालंय, येत नाही.

"तीनच्या खाली गाड्या असल्या तर गट रद्द," पिंगळे म्हणाले. "नियम आहे, माझा इलाज नाही."

मी शेखरकडे बघितलं. मला वाटलं, बिचारे खचले असतील. कसलं काय! परीक्षा पुढं ढकललेल्या पोरासारखा चेहरा फुलला होता. "असू दे," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. तोपर्यंत मागचा मडगार्ड मला जरा…"

माझं डोकं सणकलं. मडगार्ड! अहो, मी काय त्या मडगार्डात हार ओवू?

"पिंगळेसाहेब, तिसरी गाडी आहे," मी म्हणाले. "ती काय, फाटकाशी. डबा लटकवलेली."

पिंगळे गेले, वाकून इंजिनावरचा नंबर पाहिला. "मॅचलेस आहे की!" त्यांनाही गट रद्द करायचा नव्हताच, नंबरवर समाधान मानलं. "चालवणार कोण?"

"मी."

"अगं, ती टाकाऊ आहे!" शेखर ओरडले.

"मला कुठं जिंकायचंय?" मी म्हणाले. "तुमची शर्यत व्हायला पाहिजे. मी नुसती सुरुवातीला उभी राहते आणि पहिल्या वळणावर बाजूला होते."

खरंच तेवढंच मनात होतं. मळ्यात पाणी धरायला घालते ते गमबूट पायात होतेच. पंजाबी ड्रेसवर शेखरचा कारखान्यातला शर्ट चढवला, कोणीतरी हेल्मेट दिलं. लोक हसत होते. हसू देत, म्हटलं, दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

झेंडा पडला. वकिलांची बीएसए जोरात सुटली आणि तितक्याच जोरात पहिल्या वळणावर चिखलात बसली. मी आडवी जायला लागले, रेस दिली, सरळ झाले. बाजूला व्हायचं होतं ते वळण मागे गेलं. पुढं शेखर होते. काय ती गाडी दिसत होती! आरशासारखी टाकी, उंच वळवलेला सायलेन्सर, आवाज घुमत होता. आणि वर बसलेला माणूस प्रत्येक डबक्याला वळसा घालून जात होता, रंगावर शिंतोडा नको म्हणून. मैदानाच्या मध्ये ओहोळ होता, त्याला वळसा नव्हता. शेखर त्यात उतरले, पाणी उडालं आणि गाडी गप झाली. बर्मिंगहॅमहून मागवलेली ती कापडी वेष्टणाची अस्सल वायर. भिजली.

मी शेजारून गेले तेव्हा ते रुमालानं वायर पुसत होते.

"अहो, झाली बरं का शर्यत!" मी ओरडले. "खोली माझी!"

तिथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण मी थांबले नाही. मला आवडलं. खरं सांगते, लय आवडलं. पाठीवर झेंडूचं ओझं नाही, बाजाराची घाई नाही, पुढं मोकळा चिखल आणि खाली इंजिन मजेत धडधडतंय. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण बिनकामाची कुठं गेले होते मी? वकील उठून पुन्हा मागं लागले होते, त्यांना काही मी सापडले नाही. चार फेऱ्या झाल्या आणि पिंगळ्यांनी झेंडा हलवला तेव्हा मला वाईट वाटलं, संपलं म्हणून.

वकील चिखलानं माखलेले, तरी हात जोडून म्हणाले, "ताई, मानलं तुम्हाला!" कप माझ्या हातात आला. मी गर्दीत शेखरना शोधत होते. वाटलं, हसतील, निदान चिडवतील तरी.

शेखर पिंगळ्यांच्या टेबलाशी उभे होते. हरकत नोंदवत होते.

"गाडी अस्सल नाही," ते म्हणत होते. "गटाचा नियम आहे, सगळे मुख्य भाग ब्रिटिश पाहिजेत."

पिंगळे अवघडले. "अहो, तुमच्या मिसेस आहेत त्या."

"नियम म्हणजे नियम."

मग चौकशी झाली. कार्बोरेटर? बुलेटचा, देशी. वायर? विहिरीवरच्या मोटरची. आणि हे बुश कोणाचे?

"माझे," शेखर म्हणाले. "मी बनवलेत. एकही अस्सल नाही."

आपल्या हातचं उत्तम काम खोटं आहे, असं छाती पुढं काढून सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पिंगळ्यांनी माझी गाडी बाद केली. गटात दोनच गाड्या उरल्या. दोन उरल्या म्हणून गट रद्द झाला आणि कप परत गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. शेखर नुसते हरले असते तर त्यांना चाललं असतं. माझ्यामागं हरले, ते चाललं नाही.

टेम्पोत चढताना ते म्हणाले, "म्हणजे शर्यत झालीच नाही. त्यामुळे माझी शपथ अजून तशीच आहे." आवाजात समाधान होतं हो! हेल्मेट परत केलं, टाकाऊला किक मारली आणि घरी आले.

सासूबाई दारात. "कोन आलं पयलं?"

"कोणीच नाही. शर्यत रद्द झाली," शेखर म्हणाले.

"मंग येवढा चिखल कशाला आनला रे घरात?"

गाडी धुऊनपुसून पुन्हा खोलीत गेली.

सकाळी बाजार करून आले तर शेखर पडवीत चहा पीत होते. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, "अस्सल पार्ट लावले तर पुढच्या वर्षी माझी गाडी चालेल ना?"

"चालेल की. इंजिन अस्सलच आहे," ते म्हणाले. तज्ज्ञ माणूस, विचारलं की खूश. "पण पार्ट मिळायचे कुठं? अख्ख्या जिल्ह्यात नाहीत."

"आहेत. एका ठिकाणी आहेत," मी म्हणाले आणि पाना घेऊन खोलीत गेले.

इतकी वर्षं ती गाडी उघडताना मीच टॉर्च धरलाय. कुठला नट कुठं हे मला तोंडपाठ होतं. आधी कार्बोरेटर काढला, मग ती वायर, मग बुश. शेखर धावत आले तेव्हा मी एकेक पार्ट फडक्यात गुंडाळून डब्यात भरत होते. शर्यतीच्या दिवशी लावायला. रोजच्या बाजाराला असलं नाजूक सामान काय कामाचं?

"उज्ज्वला, अगं काय करतेस! माझी गाडी आहे ती!"

"असू द्या की तुमची. पण आता अस्सल राहिली नाही," मी म्हणाले. "आणि अस्सल नसलेली गाडी पडवीत. धरा तिकडून, ढकलू."

ते हललेच नाहीत. सासूबाईंनी दारातून बघितलं, पदर खोचला आणि मागच्या चाकाला हात लावला. आम्ही दोघींनी गाडी बाहेर काढली. खोलीत नुसती गार जमीन उरली आणि तेलाचा एक डाग. मी फुलाबाईंना हाक मारली.

शेखर त्या उघड्या गाडीशेजारी उकिडवे बसले होते. आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि मी काय लावू आता हिला?"

"तुमच्या हातचे बुश लावा," मी म्हणाले. "पहिला नंबर येतो."