शांत बसणाऱ्यांसाठी पाच मिनिटं

सातवीच्या वर्गात जमिनीला ठोकलेले एकवीस बाक होते, त्यांवर बेचाळीस मुलं, आणि जागची हलू शकेल अशी वस्तू एकच: कचऱ्याची टोपली. जेवणाच्या सुट्टीनंतर लागोपाठ दोन तास गणिताचे. पहिला संपेपर्यंत निम्म्या माना बाकांवर टेकलेल्या असत.

विज्ञान-गणिताच्या नव्या शिक्षिकेला त्या दोन तासांच्या मधे रोज पाच मिनिटं हवी होती. मुलांनी जागेवर उभं राहायचं, हातपाय हलवायचे, बस्स. पण मुख्याध्यापकांच्या होकाराशिवाय या शाळेत खिडकीसुद्धा उघडत नसे. टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे, एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. मुलं त्यांना टाचणीसर म्हणत.

"मॅडम, ही शाळा आहे, सर्कस नाही," असं म्हणत ते खुर्चीतून उठले. खिडकीपाशी गेले, कपाटापाशी गेले, परत खिडकीपाशी आले. "मला चालल्याशिवाय सुचत नाही."

"मुलांचंही तसंच असतं, सर."

"मुलांना कशाला सुचायला हवंय? त्यांनी लक्ष द्यायचं!"

सरांच्या टेबलाशी बसलेल्या पर्यवेक्षिकाबाईंनी मान डोलावली. दिवसभरातली त्यांची तेवढीच हालचाल असावी.

"एकदा करून तर पाहू," शिक्षिका म्हणाली. "पाच मिनिटांच्या आधी दहा गणितं, नंतर दहा. वर्गाचा सरासरी एक गुण वाढला नाही, तर पुन्हा विषय काढणार नाही."

सर खुलले. "चालेल. पण पहिल्या तासाला जे हूं की चूं न करता बसतील, त्यांनीच उठायचं. बाकीच्यांनी बसून बघायचं."

"सर, ज्यांना बसवत नाही त्यांच्यासाठीच तर..."

"त्यांना बक्षीस द्यायचं?"

"किती बारीक विचार केलाय सरांनी!" पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या.

बारीक खराच. ताप नसलेल्यांना औषध पाजायचं आणि फणफणलेल्यांना बाटली दाखवायची, इतका बारीक. पण दुसरी संधी मिळणार नव्हती. शिक्षिकेनं हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिली दहा गणितं झाल्यावर पर्यवेक्षिकाबाईंनी स्वतः सात मुलं निवडली. सातही उठली, आणि पहिल्याच मिनिटाला एकीनं विचारलं, "मॅडम, आता बसू?"

मागून आवाज आला, "मॅडम, आम्ही डोळे तरी फिरवू का?"

"गप्प बस!" पर्यवेक्षिकाबाई कडाडल्या.

मग दुसरी दहा गणितं झाली. संध्याकाळी तिनं पेपर तपासले. उठलेल्या सातांची सरासरी: आधी आठ, नंतर आठ. बसलेल्या पस्तिसांची: आधी पाच, नंतर चार. म्हणजे वर्गाची सरासरी घसरली होती, आणि ठरल्याप्रमाणे आता पुन्हा विषय काढायचा नव्हता.