चार वेळा मोजलेली बटणं

कल्पना करा हं. दुपारी शाळेत कवितेची शेवटची तालीम आहे. जो चांगली म्हणेल त्यालाच सर स्पर्धेला नेणार. कविता तुम्हाला तोंडपाठ आहे, पण ज्यानं ती लिहिली तो तुमचा सख्खा मामा समोर बटाटे सोलत बसलाय आणि दर ओळीला म्हणतोय, "थांब." भिंगरीचं डोकं कसं फिरलं असेल?

"आता काय झालं?" तिनं विचारलं.

"हात कशाला वर केलास?"

"सरांनी सांगितलंय. जोश दिसतो."

"मी खंदकात पालथा पडलो होतो, बाई. हात वर केला असता, तर आज हे बटाटे कोण सोलणार होतं?"

फौजेतून परतल्यावर मामा सायकली दुरुस्त करायचा. एरवी चार शब्दांत दिवस काढणारा माणूस, पण आज त्याला कंठ फुटला होता.

"आणि ती ओळ? 'एक, दोन, तीन, चार, पाचवं बटण कुठंय?' मी चारदा लिहिलीय. तू एकदाच म्हणतेस."

"तीन सरांनी खोडल्या. परीक्षक कंटाळतील म्हणाले."

मामानं कपाळाला हात लावला. "अगं, सदऱ्याची पाचही बटणं जागेवर होती."

"मग मोजत कशाला बसलास?"

"टेबलाखाली जा, सांगतो."

"मामा, मला उशीर होतोय."

"जा म्हटलं ना."

पुटपुटत ती आत शिरली आणि स्वतःच्या फ्रॉकची बटणं मोजू लागली. दोन झाली तोच वरून धाडकन आवाज आला. मामानं टेबलावर ताट आपटलं होतं. तिनं पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यावर धाडकन. मग मात्र काहीच वाजेना. ते तर आणखी वाईट. तिचं बोट एकाच बटणावर चिकटून बसलं.

"किती झाली?"

"कळत नाही," ती बारीक आवाजात म्हणाली. "वाजव ना एकदाचं काय ते."

मामानं ताट खाली ठेवलं. "कवितेत 'घाबरलो' असं कुठंच लिहिलेलं नाही. नुसतं लिहून कुणाला काय कळणार होतं? म्हणून मोजत राहिलो."

दुपारी सरांनी वर्गासमोर सांगितलं, "छाती पुढे. आवाज खणखणीत."

भिंगरी हळू आवाजात म्हणू लागली. बटणांची ओळ आली. मग दुसऱ्यांदा आली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांचा संयम संपला.

"अगं, ती खोडली होती ना? पुढची ओळ म्हण. नाहीतर जागेवर बस, दुसऱ्याला म्हणू दे."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. भिंगरीनं एकदा सरांकडे पाहिलं, मग खाली मान घातली, गळ्याजवळच्या बटणावर बोट ठेवलं आणि आणखी हळू म्हणाली, "एक."